फायदा सांगा ताई, पुण्य नको

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतलीयेत. तिन्ही एकाच विषयाची निघाली, अपंग माणसाला कामावर घेण्याची, मी काही ठरवून निवडली नाहीत. पहिलं उत्तर बरंच लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न: नमस्कार ताई. भोसरी एमआयडीसीत आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, चार मशीन, दोन शिफ्ट, सगळी मिळून ४६ माणसं. डोकेदुखी एकच, माणूस टिकत नाही. पोरगं येतं, तीन महिन्यांत शिकतं आणि शेजारी पाचशे रुपये जास्त मिळाले की जातं, छठपूजेला गावी गेलेलं परत येत नाही, फोन स्विच ऑफ. परवा ओळखीतून दोघांचा विषय आला, एक कर्णबधिर मुलगा आहे आयटीआय झालेला, आणि एक तिशीच्या बाई आहेत, लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर घालतात, बारावी पास. आमचे वडील म्हणतात घे, पुण्य लागेल. सुपरवायझर म्हणतो साहेब नसती ब्याद कशाला, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. मला पुण्यही नको आणि ब्यादही नको. माझ्या धंद्याला खरंच काही फायदा आहे का ते सरळ सांगा.
(एक वाचक, भोसरी)

उत्तर: दादा, पुण्य नको म्हणालात ते फार बरं केलंत. पुण्यासाठी ठेवलेला माणूस पहिल्या मंदीत घरी जातो, कारण त्याचं नाव आपल्या डोक्यात दानधर्माच्या खात्यात असतं, प्रॉडक्शनच्या नाही. मी २२ वर्षं कंपन्यांच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये काढली (आता त्याला एचआर म्हणतात) आणि हे डोळ्यांसमोर होताना बघितलंय.

तर हिशोब. तुमचा खरा खर्च पगार नाहीये, माणूस बदलणं हा आहे. नवीन पोराला हातातला पार्ट बघून फ्लॅश (कडेला आलेलं जादा प्लास्टिक) कुठे आलाय, शॉर्ट शॉट (साचा पूर्ण न भरलेला पार्ट) कुठला, सिंक मार्क (वर पडलेला खळगा) चालेल किती आणि चालणार नाही किती, हे कळायला दोन-तीन आठवडे तरी जातात की नाही? समजा पगार पंधरा हजार धरला तर त्या तीन आठवड्यांतला निम्मा पगार पाण्यात, शिवाय त्याच्या शेजारी उभा राहून शिकवणारा जुना माणूस तेवढा वेळ स्वतःचं काम करत नाही, शिवाय पोराने ओके म्हणून बिनमध्ये टाकलेला आणि कस्टमरने परत पाठवलेला माल, शिवाय ठेकेदाराचं कमिशन. आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि गेल्या वर्षी किती माणसं आली-गेली ते मांडा, गुणाकार करा. आकडा बघून वडिलांनाही दाखवा.

अपंग माणूस साधारणपणे टिकतो. का टिकतो, हे जरा नीट सांगते, कारण यात गोड बोलून उपयोग नाही. एक कारण असं की त्याला दुसरीकडे दार उघडत नाही. दहा ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलेला असतो, सिक्युरिटीवालाच सांगतो जागा नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही पण खरं आहे, आणि ज्या मालकाला हे कळतं तो कधीकधी त्याचा गैरफायदाही घेतो, पगार दाबतो, वाढ देत नाही. तसं केलंत तर तुमच्याकडचाही जाईल, जरा उशिरा जाईल इतकंच. दुसरं कारण मात्र तुमच्या हातात आहे: ज्या जागी आपल्याला कामावरून ओळखतात ती जागा माणूस पाचशे रुपयांसाठी सोडत नाही, मग तो अपंग असो की धडधाकट.

आता सुपरवायझरचं 'उद्या काही झालं तर'. अमेरिकेत ड्युपॉन्ट म्हणून केमिकलची मोठी कंपनी आहे, तिने १९५८ पासून काही दशकं आपल्याच अपंग कामगारांची हजेरी, सेफ्टी आणि कामाचा दर्जा परत परत तपासला. दरवेळी ही माणसं बाकीच्यांच्या बरोबरीची किंवा थोडी वरचढच निघाली. केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचा रेकॉर्ड काढलाय हो, एखाद्या बँकेच्या काउंटरवर नाही.

आणि मला सगळ्यात आवडतं ते वॉलग्रीन्सचं उदाहरण. ही अमेरिकेतली औषधांच्या दुकानांची साखळी. तिथले तेव्हाचे एक वरिष्ठ अधिकारी रँडी लुईस, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न). २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अँडरसनला त्यांनी नवीन वितरण केंद्र उघडलं आणि तिथे जवळपास ४० टक्के माणसं अपंग घेतली. अट एकच, काम तेच, मोजमाप तेच, पगार तोच. कुणाला वाचायला जड जायचं म्हणून स्क्रीनवरचा मजकूर कमी करून चित्रं टाकली. केंद्राचं काम कंपनीच्या इतर केंद्रांच्या तोडीस तोड चाललं, आणि तसंच मग दुसऱ्या केंद्रांतही सुरू केलं. यात गंमत अशी की जे बदल अपंगांसाठी म्हणून केले ते सगळ्यांनाच सोयीचे पडले.

तुम्ही म्हणाल अमेरिकेचं काय सांगता. म्हणून माझंच सांगते, कंपनीचं नाव राहू दे. आमच्याकडे इन्स्पेक्शन टेबलवर एक कर्णबधिर बाई घेतल्या. सुपरवायझर तोंडाने सांगणार आणि त्यांना ऐकू येणार नाही, मग करायचं काय? स्टोअरमधल्या एका पोराने आयडिया काढली, प्रत्येक पार्टचा चांगला पीस आणि पाच प्रकारचे खराब पीस एका फळीवर वायरने बांधले, चांगल्याखाली हिरवी पट्टी, खराबाखाली लाल, आणि फळी टेबलावर टांगली. बाईंचं काम पहिल्या आठवड्यापासून सुरळीत. पण महिन्याभराने बघितलं तर दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शनही खाली आलेलं, जिथे सगळे नीट ऐकू येणारे होते. मग कळलं की आमचा सुपरवायझर अस्सल सातारी मराठीत 'कडंला पापुद्रा आला तर काढ' सांगायचा आणि ओडिशाची पोरं मान डोलवायची, समजलेलं कुणालाच नसायचं! विचारायची लाज. फळीने सगळ्यांचाच प्रश्न सोडवला. त्या बाई आल्या नसत्या तर आम्ही अजून दहा वर्षं पोरांनाच शिव्या घालत बसलो असतो.

आता आमची चूकही सांगते म्हणजे तुमची टळेल. त्याच कंपनीत फायर ड्रिल झालं, भोंगा वाजला, सगळे गेटजवळ जमले, मोजले तर एक कमी. मशीन शॉपमधला कर्णबधिर मुलगा टॉयलेटमध्ये होता, त्याला भोंगा कसा ऐकू जाणार? तो आरामात हात पुसत बाहेर आला तर शॉप फ्लोअर रिकामा, घाबरला बिचारा. ड्रिल होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी लाल फ्लॅशर दिवे लागले, टॉयलेटमध्येसुद्धा, आणि ड्रिलच्या वेळी त्याला हाताला धरून आणायची जबाबदारी दोघांना ठरवून दिली. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा.

आणि एक गैरसमज प्लीज डोक्यातून काढा. बरेच मालक म्हणतात, ऐकू येत नाही ना, मग ग्राइंडरवर टाकू, त्याला आवाजाचा त्रास नाही. अहो बहुतेक कर्णबधिरांना थोडंफार ऐकू येत असतं, तेवढंही तुम्ही घालवाल. इयरप्लग त्यालाही द्यायचेच. शिवाय मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्याला कळणार नाही, तेव्हा फोर्कलिफ्टच्या वाटेवर पाठ करून उभं राहावं लागेल अशी जागा देऊ नका, समोर दिसेल अशी द्या, कोपऱ्यावर आरसा लावा. तसंच 'ही लोकं जास्त मन लावून काम करतात' हेही बोलू नका. काही करतात, काही मोबाईल बघत बसतात, आपल्यासारखीच असतात.

कॅलिपरवाल्या ताईंचं तर फारच सोपं आहे. बसून इन्स्पेक्शन, पॅकिंग, गेजिंग (पार्टचं माप तपासणं), चलन बनवणं, बारावी आहेत तर स्टोअरची एंट्री. तुमच्या शॉपमधला खरा अडथळा मला न बघताही माहितीये, मशीनखाली गळलेलं हायड्रॉलिक ऑइल आणि चिलरचं पाणी. त्यांची काठी किंवा कॅलिपर सरकणार. ते पुसायला लावा, गळती बंद करा, आणि मग बघा बाकीच्यांचं घसरणंही थांबतं की नाही. कमोड आणि भिंतीला धरायला एक दांडा, काही हजारांचं काम. टेबलाची उंची त्यांना बसवून ठरवा, आपल्या मनाने नको. खर्चाबद्दल म्हणाल तर अमेरिकेत जॉब ॲकोमोडेशन नेटवर्क नावाची संस्था अनेक वर्षं मालकांनाच विचारते की अशा सोयींना किती पैसे गेले, आणि साधारण निम्मे मालक सांगतात की काहीच नाही. वेळ थोडी बदलली, जागा बदलली, झालं.

आपल्याकडची उदाहरणं हवी असतील तर लेमन ट्री हॉटेल घ्या, २००७ पासून कर्णबधिर माणसं घेतायत, नंतर अस्थिव्यंग आणि डाउन सिंड्रोम असलेलीही घेतली. मुंबईत मिरॅकल कुरिअर्स ही कंपनी २००९ मध्ये सुरू झाली ती कर्णबधिर डिलिव्हरीवाल्यांच्या जोरावरच. पत्ता शोधायला बोलावं लागतंच असं नाही, कागद दाखवला की झालं, आणि मुंबईकराला तसंही बोलायला वेळ कुठे असतो.

हां, एक आकडा तुम्हाला व्हॉट्सॲपवर येईल तो जरा मिठाची चिमूट टाकून घ्या. ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीचा २०१८ चा रिपोर्ट, अपंगांना सामावून घेण्यात पुढे असलेल्या कंपन्यांचं उत्पन्न इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त. रिपोर्ट खरा आहे, पण १४० मोठमोठ्या कंपन्यांचा आहे, आणि यांनी अपंग घेतले म्हणून नफा झाला की नफा होता म्हणून असल्या गोष्टींना उसंत होती, ते त्यातून सिद्ध होत नाही. भोसरीतल्या चार मशीनला त्याचा उपयोग शून्य, तुमचा तो संध्याकाळचा कागदच खरा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खाजगी कंपनीवर आरक्षणाची सक्ती नाहीये, ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांत आहे. पण समान संधी धोरण लेखी ठेवणं सगळ्यांना बंधनकारक आहे, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर कोणत्या जागा, काय सोयी, हेही त्यात लिहावं लागतं. तुमच्याकडे ४६ आहेत, म्हणजे तुम्हाला लागू, अजून केलं नसेल तर करून टाका. ईएसआयची (कामगार विम्याची) पगारमर्यादा अपंग कामगाराला २१ हजारांऐवजी २५ हजार आहे. मालकाच्या वाट्याच्या वर्गणीसाठी केंद्राची योजना आहे, तिचा फायदा आत्ता कसा घ्यायचा ते तुमच्या पीएफ कन्सल्टंटला पकडून विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही.

सुपरवायझरला मात्र विश्वासात घ्या. नाहीतर मुलगा पहिल्या आठवड्यात जाईल आणि सुपरवायझर म्हणेल बघा साहेब, मी सांगितलं होतं.

प्रश्न: साताऱ्यात आमचं सीए ऑफिस आहे, मी पार्टनर आहे. एका पूर्ण अंध मुलाचा अर्ज आलाय, एमकॉम फर्स्ट क्लास. मार्क बघून बोलवावंसं वाटतंय पण आमचं सगळं काम कागदावर आणि कॉम्प्युटरवर. मी त्याला काय काम देणार आणि मला काय मिळणार? नाही म्हणायचं तर कसं म्हणू हेही कळत नाही.
(एक वाचक, सातारा)

उत्तर: अहो आधी बोलवा तरी! न बोलवताच नाही कसं म्हणायचं याची काळजी लागलीये तुम्हाला.

तो कॉम्प्युटर वापरतच असणार, नाहीतर आजच्या काळात एमकॉम झाला नसता. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. एनव्हीडीए तर फुकट मिळतं, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनीच ते बनवायला घेतलं. एक्सेल, वर्ड, ईमेल, बऱ्याच वेबसाइट त्यावर चालतात. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा चक्रावाल, कारण सरावलेली माणसं ते इतक्या स्पीडने लावतात की आपल्याला नुसती कुर्र कुर्र ऐकू येते आणि तो तेवढ्यात अख्खी ओळ ऐकून पुढच्या सेलमध्ये गेलेला असतो. ऑफिसात हेडफोन लावेल, बाकीच्यांना त्रास नाही.

इंटरव्ह्यूला काय करायचं? जे बाकीच्यांना देता तेच द्या. एक लेजरची एक्सेल फाइल, त्यात चार चुका पेरून ठेवा, आणि म्हणा शोध. त्याला स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगा आणि वेळ थोडा जास्त द्या. 'तुम्ही हे कसं कराल?' असं त्यालाच विचारा, त्याला त्याची युक्ती माहिती असते, आपण उगाच स्वतःचे डोळे मिटून कल्पना करतो आणि मग म्हणतो जमणार नाही. आणि घरी कोण असतं, लग्न झालंय का, हे असं कधीपासून आहे, असलं काही विचारू नका. तो लेजर वाचायला आलाय.

अडेल कुठे तेही सांगते. मोबाईलवर फोटो काढून क्लायंट बिलं पाठवतात ना, वाकडी, अर्धी कापलेली, ती त्याला नीट वाचता येणार नाहीत. हाताने लिहिलेली व्हाउचर्स नाही. काही अकाउंटिंग सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला नीट दाद देत नाहीत, ते आधीच तपासून बघा. म्हणजे व्हाउचर एंट्री त्याला देऊ नका. पण बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये येतं, त्याचं रिकन्सिलेशन (हिशोबाशी जुळवणी), जीएसटीची क्रेडिटं पुरवठादारांच्या डेटाशी ताडून बघणं, क्लायंटला फोन करून कागद मागवणं, नोटिशीच्या उत्तराचा मसुदा, हे सगळं जमू शकतं. आणि तुमच्या ऑफिसात ही कामं कोणालाच आवडत नसणार, पैज लावते.

तुम्हाला काय मिळणार? एक तर फर्स्ट क्लास एमकॉम, जो तीन महिन्यांत पुण्याला पळणार नाही. दुसरं जरा मजेशीर आहे. अंध माणूस आला की ऑफिसला शिस्त लागते. फाइलचं नाव 'नवीन फायनल २ खरी फायनल' असं असेल तर डोळसालाही सापडत नाही, आपण चालवून घेतो, त्याला मात्र ती फाइल असून नसल्यासारखी. मग नावं नीट द्यावी लागतात, एका क्लायंटचं एक फोल्डर, मर्ज केलेले सेल बंद, 'लाल रंगात केलंय ते बघ' बंद, कारण लाल त्याला ऐकू येत नाही, शेजारी कॉलम टाकून शब्दात लिहावं लागतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ऑडिटच्या धावपळीत, या गोष्टीचा आनंद काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

खुर्च्या आणि वॉटर कूलर मात्र रोज जागा बदलून ठेवू नका. आणि चाचणी देऊन तो नापास झाला तर बिनधास्त नाही म्हणा, कारण सांगून म्हणा. ते त्याला तुमच्या गुळमुळीत 'कळवतो' पेक्षा चालेल.

प्रश्न: माझी मुलगी कर्णबधिर आहे, शिवणकामाचा कोर्स केलाय, हात चांगला आहे. इचलकरंजीतल्या एका गारमेंटवाल्याने बोलावलं, मशीनवर बसवून बघितलं, काम पसंत पडलं. पण म्हणतो पहिले सहा महिने निम्मा पगार, 'अशा मुलांना आम्ही चान्स देतो तेच खूप'. घ्यावी का नोकरी?
(एक वडील)

उत्तर: काम पसंत पडलं ना, मग निम्मं कशाचं? ती निम्मा कॉलर शिवणार आहे का?

शिकाऊ म्हणून घ्यायचं असेल तर रीतसर अप्रेंटिसचा करार असतो, नोंदणी असते, विद्यावेतन ठरलेलं असतं, ते मागा. नोकरी असेल तर मालकाच्या मर्जीने किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. पीस रेट असेल तर शेजारच्या मशीनवाल्या बाईंना जो रेट तोच हिला, हे आधी बोलून घ्या, आणि तुम्ही बोलून घ्या म्हणते तेव्हा मुलीला सोबत न्या, तिच्याशी खुणांनी नाहीतर मोबाईलवर लिहून बोलायला लावा, तिला बाजूला बसवून दोघा पुरुषांनी परस्पर ठरवू नका.

भीक घातल्यासारखं बोलणाऱ्यांना तुमच्या जवळचंच उदाहरण द्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, स्वतः व्हीलचेअरवर, त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि तिकडे कुडाळजवळ अपंग माणसांच्या हातून काजू प्रक्रियेचा कारखाना चालवून दाखवला. काजू फुटका निघाला तर गिऱ्हाईक 'जाऊ दे, अपंगांनी केलाय' म्हणून जास्त पैसे देत नाही, आणि अख्खा निघाला तर कमी द्यायचं कारण नाही. शिलाईचंही तेच.

तो पूर्ण रेटला तयार झाला तर घ्या, जवळ आहे, ओळखीची जागा आहे. नाही झाला तर तिने शिवलेले दोन-तीन पीस पिशवीत घालून दुसऱ्या युनिटला जा, इचलकरंजीत शिलाई मशीनांची कमी नाही. यूडीआयडी कार्डची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स सोबत ठेवा, पण पिशवीतून आधी शर्ट काढा, कार्ड नंतर.